आत्याचं काळं बोट

सरकार, तुम्ही आळशी आहात असं म्हणून सोडून देता आलं असतं. पण आळशी माणूस सगळ्यांचीच कामं सारखी रखडवतो. तुम्ही निवडून रखडवलीत. दोघं भावंडं सीमेवरून एकाच ट्रकमधून आली, एकाच तंबूत झोपली, एकाच भांड्यातलं जेवली. भावाच्या हातात तुम्ही कागद ठेवलात आणि बहिणीला सांगितलंत, उद्या या. नावं नोंदवायच्या दिवशी ती तापाने फणफणली होती, रांगेत उभी राहू शकली नाही, एवढाच तिचा गुन्हा. तो उद्या उजाडेपर्यंत तिचे केस पांढरे झाले. मधल्या काळात तुमच्या कचेरीतल्या साहेबांचे शर्ट तिनेच धुतले, आणि त्यातल्या एकालाही तिचा कागद पुढे सरकवावासा वाटला नाही. तुम्हाला लाज असती तर शर्टाबरोबर तीही धुवायला टाकली असतीत. आत्याने ती स्वच्छ धुऊन, इस्त्री करून, घडी घालून परत दिली असती, वर आभारही मानले असते.

तर गेल्या वर्षी एकदाचं आत्याला नागरिकत्व मिळालं, आणि आज ती आयुष्यातलं पहिलं मत द्यायला निघाली होती. आणि निघता निघता तिने घोळ घातला.

लाँड्रीवाल्यांच्या त्या घरात सुट्टी कशाशी खातात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मतदानाची सुट्टी म्हणून बाबांनी, म्हणजे आत्याच्या थोरल्या भावाने, दुकानाला पाटी अडकवली होती. बॉयलर थंड होता, धुलाईची यंत्रं तोंडं उघडी टाकून पडली होती. पण खुणा घालणं हे बिनआवाजाचं काम, ते या घरात काम धरतच नाहीत. दुसरी कुणी विणकाम घेऊन बसावी तशी आत्या खुणा घालत बसते. धुवायला आलेला कपडा कुणाचा हे परत देताना कळावं, म्हणून कॉलरच्या आत नाहीतर चादरीच्या कोपऱ्यात काळ्या शाईने बारीकशी खूण घालतात. दुसऱ्या लाँड्र्यांत आकडे असतात. इथे चित्रं असतात, कारण आत्या आली तेव्हा तिला इथली अक्षरं येत नव्हती. पुढे आली, पण तोवर गल्लीतल्या प्रत्येक घराला तिने एकेक चित्र देऊन टाकलं होतं, आणि एकदा दिलेलं परत घ्यायची तिला सवय नाही.

शाई बाबांची. मागच्या खोलीचं दार लावून ते स्वतः उकळतात, कशापासून ते पोटच्या पोरांनाही सांगत नाहीत. दुकानाच्या बोर्डावर नावाखाली त्यांनी मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलंय : कापड फाटेल, खूण जाणार नाही.

थोरली सून जिना उतरून खाली आली तेव्हा आत्या खुणांच्या टेबलाशी बसली होती. अंगात नवा राखाडी कोट, केस चापूनचोपून बसवलेले, बूट आरशासारखे. समोर हॉटेलच्या नॅपकिनांचा ढीग. आणि डाव्या हाताची तर्जनी अशी उंच धरलेली, जणू वर्गात फक्त हिलाच उत्तर येतंय.

"आत्या, काय झालं?"

"कुठे काय."

"मग बोट का वर धरलंय?"

"खाली धरलं तर कोटाला लागेल," आत्या म्हणाली. मग जरा वेळाने, "चारच नॅपकिन राहिले होते गं. म्हटलं, तुम्ही लोक तयार होईपर्यंत उरकून टाकू. बोटावरची रबराची टोपी मघाशीच काढून ठेवली होती, म्हटलं आज नको ते ध्यान. आणि दौत कलंडली."

सुनेने वाकून पाहिलं. नखासकट पहिल्या पेरापर्यंत बोट काळंकुट्ट झालं होतं. तिला आधी वाटलं, लागली शाई तर लागली, या घरात शाई कुणाला लागत नाही. मग तिच्या डोक्यात उजेड पडला आणि ती तिथेच पायरीवर बसली.

मत दिलं की डाव्या तर्जनीला काळी शाई लावतात. एकाने दोनदा मत देऊ नये म्हणून. आणि आत्या मत द्यायच्या आधीच ती लावून बसली होती. तीही सरकारी नव्हे, बाबांची.

आत्याच्या कागदासाठी नागरिकत्वाच्या कचेरीचे उंबरठे झिजवले होते ते या सुनेने. बाकीचे म्हणायचे, जाऊ दे, एवढी वर्षं चाललंच ना. ती एकटी भांडली होती, रजा काढून, चपला झिजवून, एका साहेबाची फाइल त्याच्याच टेबलावर आपटून. तिने कपाळावर हात मारून घेतला.

"आत्या, आजच्या दिवस तरी हात बांधून बसायचं होतंत हो."

"बांधले असते तर दौत पायाने सांडली असती," आत्या म्हणाली. पण ती हसली नाही.

बोलणं ऐकून बाबांचे दोघे मुलगे आले. थोरला म्हणजे सुनेचा नवरा. तो छत्रीवाल्या उमेदवाराचा, कारण सरकारी इस्पितळाच्या चादरींचं काम मिळवून देईन असं छत्रीवाल्याने त्याच्या कानात सांगितलं होतं. धाकटा शिडीवाल्या बाईंचा, कारण थोरला छत्रीवाल्याचा. प्रचार सुरू झाल्यापासून दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. जे काही सांगायचं ते आत्यामार्फत. आणि घरातली बाकीची मतं वाटली गेल्यामुळे दोघेही आत्याच्या एका मतावर मांजरासारखे टपून बसले होते.

"आत्या, याला विचार, दौत टेबलाच्या काठावर कुणी ठेवली होती," धाकटा म्हणाला.

"आत्या, याला सांग, दौत तिथेच असते, तो जन्मायच्या आधीपासून," थोरला म्हणाला.

"काल सगळ्यांत शेवटी दुकानात कोण होतं? आत्या शिडीला देणार हे कळलं होतं त्याला. म्हणून केलं."

"शिडीला? आत्या, याला सांग, परवा तू स्वतःहून मला छत्रीचं विचारलंस."

"आत्या, काय विचारलंस?"

"बाहेर जाताना नेऊ का म्हणून."

"आभाळ आलं होतं," आत्या म्हणाली.

"तोंडं बंद करा आणि लिंबू आणा," सून म्हणाली.

मग त्या घराने आपली सगळी विद्या त्या एका बोटावर काढली. बापजन्मात त्यांनी कुणाच्या कपड्यावर डाग राहू दिला नव्हता. वाइनच्या डागाचं औषध झालं, गंजाचं झालं, रक्ताचं झालं, डांबराचं झालं. धाकट्याने रॉकेलचा बोळा फिरवला, थोरल्याने कॉलर घासायचा ब्रश आणला. आत्या बोट पुढे करून मुकाट बसली होती, नख कापून घेणाऱ्या पोरीसारखी. बोट लाल झालं, सुजलं, त्याला सगळ्या डब्यांचा मिळून एक भयंकर वास यायला लागला. शाई होती तिथेच होती. उलट आजूबाजूचं बोट स्वच्छ झाल्यामुळे आणखी उठून दिसायला लागली.

बाबा सुरुवातीपासून पाठीमागे हात बांधून उभे होते. दर औषधानंतर ते पुढे यायचे, चष्मा वर करून बोट बघायचे, "तशीच आहे," म्हणायचे आणि मागे जायचे.

"बाबा, तुम्ही हसताय," सून म्हणाली.

"मी? काहीतरीच."

"मिशीखाली हसताय."

"माझ्या बहिणीचं पहिलं मत जायची वेळ आलीय आणि मी हसेन?" बाबांनी दोन्ही हात वर केले. मग त्यांना राहवेना. "एवढंच म्हणतो, की ब्लीचलाही भीक घातली नाही हो तिने."

"उतारा असेल ना कशाचा तरी. तुम्हीच बनवता."

"उतारा असता तर बोर्डावर तसं लिहिलं असतं का? मी खोटा बोर्ड लावणारा माणूस नाही."

आत्याने ओलं बोट फडक्याला पुसलं आणि ती उठली.

"राहू द्या. पुढच्या वेळी देईन."

हे तिने अगदी सहज म्हटलं. हे वाक्य आत्याचं नव्हतंच. ते खिडकीपलीकडच्या लोकांचं होतं. उद्या या, सोमवारी या, पुढच्या वेळी बघू. ऐकून ऐकून बाईला ते पाठ झालं होतं, आणि आता ती ते स्वतःलाच सांगत होती, तेवढाच खिडकीवाल्यांना त्रास नको म्हणून.

"पुढची वेळ गेली खड्ड्यात," सून म्हणाली. "आज द्यायचं. सरळ जाऊ आणि सरळ सांगू, लाँड्रीची शाई आहे."

"हे बघ सूनबाई," बाबा म्हणाले, "जायचं तर जाऊ. पण वाद नको. आपण ऋणी माणसं. या लोकांनी आपल्याला दारात उभं केलं, कामाला लावलं. ऋणी माणसाने खालच्या मानेने चालावं आणि कुणाला का म्हणून विचारू नये. साहेब हो म्हणाला तर आभार, नाही म्हणाला तरी आभार."

"नाही म्हणाला तर कसले आभार?"

"बोलला आपल्याशी, त्याचे."

तेवढ्यात थोरल्याला युक्ती सुचली. थोरल्याला युक्ती सुचली की घरातल्या वस्तू फुटतात, हा सुनेचा संसारभराचा अनुभव होता.

"पट्टी बांधू," तो म्हणाला. "बोट कापलंय म्हणायचं. शेजारच्या बोटाला शाई लावतील. हाय काय आणि नाय काय."

धाकट्याने त्याच्याकडे पाहिलं आणि प्रचार सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच तो थोरल्या भावाशी थेट बोलला. "दादा, हे भारी आहे."

दोन भाऊ एक झाले ते असे. भाऊ एक होतात तेव्हा शेजाऱ्यांनी सावध राहावं.

"अहो, लपवलं की चोरी दिसते," सून म्हणाली. पण ऐकतो कोण. घरात मतदान झालं. पट्टीच्या बाजूने तिघे बापलेक, विरुद्ध सून एकटी. आत्याचं मत घ्यायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही.

मतदान गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, शाळेत होतं. सगळी वरात निघाली. पुढे बाबा, मागे दोघे भाऊ खांद्याला खांदा लावून, आणि मध्ये आत्या, पांढऱ्या पट्टीचं बोट मेणबत्तीसारखं धरून. चालता चालता आत्या एकेका दाराकडे बघत होती.

"या बेकरीवाल्याच्या आईने पहिल्या हिवाळ्यात आम्हाला भट्टीच्या भिंतीला टेकून झोपू दिलं," ती सुनेला म्हणाली. "भाषा कळत नव्हती. तिने भिंतीवर माझा हात ठेवला, ऊब दाखवली, आणि गेली."

"माहितीये मला. दर हिवाळ्यात सांगता."

"दर हिवाळ्यात थंडी पडते ना. आणि वरच्या मजल्यावर ती मुख्याध्यापिका. तिने अक्षरं शिकवली. मी तिचे पडदे धुतले, पण अक्षरं पडद्यांपेक्षा जास्त होती. हे सगळं परत कुणाला करायचं गं? बेकरीवाल्याची आई तर गेली. म्हणून म्हटलं, एक कागद पेटीत टाकावा. ज्याच्यापर्यंत पोचेल त्याच्यापर्यंत."

"आत्या, मत म्हणजे आभाराचं पत्र नाही. कुणाला तरी निवडायचं असतं."

"निवडीन की. पण टाकीन ते आभार म्हणूनच."

सुनेला रडावंसंही वाटलं आणि एखाद्याच्या कानाखाली वाजवावीशीही वाटली. कुणाच्या, ते अजून ठरायचं होतं.

पहिलीच्या वर्गात केंद्र होतं. भिंतीवर ससा, हत्ती आणि वजाबाक्या. लहान मुलांच्या खुर्च्यांवर मोठी माणसं बसली होती, त्यामुळे सगळ्या सरकारी माणसांचे गुडघे कानाशी आले होते. एक कारकून यादी घेऊन, शेजारी शाईची बाटली घेतलेली एक मुलगी, आणि मधोमध केंद्रप्रमुख साहेब. साहेब दुसऱ्या गावाहून नेमून आलेले, टाय घट्ट, कपाळ घामेजलेलं. दारात एक पोलीस पेंगत होता. गल्ली बाहेर रांगेत उभी होती, दार उघडं असल्यामुळे अर्धी आतच होती.

आत्याचं नाव यादीत निघालं. कारकुनाने तिच्याकडे पाहून मान हलवली. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की बाबांनी त्याचे दोनदा आभार मानले.

"डावा हात," शाईवाली मुलगी म्हणाली. आत्याने हात पुढे केला. "अगबाई, काय झालं?"

"कापलंय," थोरला मागून म्हणाला.

"भाजलंय," धाकटा त्याच क्षणी म्हणाला.

साहेबांनी मान वर केली. "कापलंय की भाजलंय?"

"आधी कापलं," बाबा मदतीला धावले, "मग त्यावर भाजलं."

सुनेने डोळे मिटून घेतले.

"बाई, तुम्ही सांगा," साहेब म्हणाले.

"मी काहीच म्हटलेलं नाही," आत्या म्हणाली. "मला कुणी विचारलं नव्हतं."

"पट्टी सोडा."

पट्टीला इतके वेढे होते की ती सुटता सुटेना. रांगेतली माणसं टाचा उंचावून बघायला लागली. शेवटचा वेढा निघाला आणि काळं बोट बाहेर आलं.

"मत देऊन आलात," साहेब म्हणाले.

"नाही साहेब. लाँड्रीची शाई आहे. कपड्यांवर खुणा घालायची."

एवढी वर्षं झाली, पण आत्याच्या बोलण्यातून तिचा जुना मुलूख जात नाही. काही अक्षरं ती अजून तिकडच्यासारखी उच्चारते. साहेबांनी ती बरोबर टिपली.

"कुठल्या तुम्ही?"

"इथलीच. गल्लीच्या त्या टोकाची."

"मूळच्या कुठल्या?"

आत्याने सांगितलं. साहेब मागे रेलले, खुर्ची छोटी असल्यामुळे पडता पडता वाचले, आणि म्हणाले, "तरीच. तुमच्यासारख्या लोकांना एक देश पुरत नाही, आता एक मतही पुरेना. शाई लावून यायचं, पट्टी बांधून लपवायचं आणि साळसूदपणे खोटं बोलायचं. हवालदार, जरा इकडे या."

आत्याची मान खाली गेली. इतकी सवयीने गेली, की तिला कुणी खाली घालायला लावलीय असंही वाटेना. "माफ करा साहेब," ती म्हणाली आणि वळली.

सुनेच्या तोंडाशी शिव्यांची सबंध पंगत येऊन बसली होती. पण तिच्या आधी बाबा बोलले. ते इतकंच म्हणाले, "बरं साहेब. आभारी आहोत." आणि तेही वळले.

"जा, घरी जाऊन नीट घासा," साहेब मागून म्हणाले. "जाईल ती."

बाबा थांबले.

"काय म्हणालात?"

"घासली की जाईल म्हटलं."

"जाईल?" बाबांनी विचारलं. ते सावकाश परत फिरले. खालच्या मानेने आयुष्य काढलेल्या माणसाची मान हळूहळू वर येताना सुनेने पहिल्यांदाच पाहिली. "साहेब, मला परका म्हणा. माझ्या पोरांना गाढव म्हणा, आजच्या दिवस मी काही बोलणार नाही. पण माझ्या शाईला कच्ची म्हणायचं काम नाही. ओ बेकरीवाले, जरा कॉलर दाखवा यांना."

"कॉलर?" रांगेतून बेकरीवाला म्हणाला.

"उलटी करा. मागची."

बेकरीवाल्याने मान वाकवून कॉलर उलटी केली. त्याच्या मागे उभ्या असलेल्या दाताच्या डॉक्टरने वाचून दाखवलं, "किटली आहे. काळी. छान आहे हो."

"किती वर्षांचा शर्ट?"

"माझ्या लग्नातला," बेकरीवाला म्हणाला.

"तुमचीही बघा डॉक्टर."

"माझ्यावर हातोडा आहे," डॉक्टर म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला. "हातोडा का?"

"तेव्हा तुम्ही नवीन होतात," आत्या हळूच म्हणाली. "ओरडणं रस्त्यापर्यंत यायचं."

आता रांगेला चेव चढला. जो तो आपली कॉलर, बाही, कोटाचं अस्तर उलटं करायला लागला. एवढ्या वर्षांत कुणी नीट बघितलंच नव्हतं आपली खूण काय ते. एकाला मासा मिळाला, एकाला सायकल. वकिलीणबाईंना भोपळा मिळाला आणि त्यांनी जाकीट घाईने सरळ केलं. म्हाताऱ्या मुख्याध्यापिका काठी टेकत पुढे आल्या.

"माझ्यावर घुबड आहे?"

"तुमचा चष्मा तेव्हा मोठा होता बाई," आत्या म्हणाली.

"मला इतकी वर्षं वाटत होतं कबुतर आहे," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "चोच नीट काढायला हवी होती."

पोलीस आत्याला धरायला म्हणून आला होता, तो टोपी काढून बेकरीवाल्यासमोर पाठमोरा उभा राहिला. "माझं काय आहे हो?"

"मांजर."

"नीट बघा, वाघ असेल."

"झोपलंय."

सगळा वर्ग हसला. शाईवाली मुलगी हसली, कारकून यादीआड हसला. साहेब हसले नाहीत. पण समोर गल्लीभर माणसं कॉलरी उलट्या करून उभी होती आणि प्रत्येक कॉलरीत त्या बोटावरचाच काळा रंग होता. साहेबांनी टाय सैल केला आणि वरच्या साहेबाला फोन लावला. बराच वेळ ते नुसतं "हो सर" म्हणत होते. यादीत नावासमोर मत दिल्याची खूण नाही ना, मग ओळखीच्या दोन मतदारांनी शब्द दिला तर देऊ द्या, असं वरच्याचं म्हणणं पडलं. दोघांनी द्यायचा शब्द सगळ्या रांगेने दिला. रांगेत नसलेल्या एकाने खिडकीतूनही दिला, नक्की कशाबद्दल ते न विचारता.

शाई मधल्या बोटाला लावायची ठरली. बाबांनी बाटली उजेडात धरून पाहिली.

"पाणचट आहे," ते म्हणाले.

आत्या मतपत्रिका घेऊन पडद्याआड गेली. गेली ती गेलीच. पडद्याखालून तिचे चकचकीत बूट तेवढे दिसत होते, आणि ते हलत नव्हते.

"वाचतेय," थोरला म्हणाला. "छत्री वरून तिसरी आहे. सांगितलंय मी तिला."

"मीही सांगितलंय. शिडी खालून दुसरी," धाकटा म्हणाला.

"दादा, तू हे आत्ता बोलायला नको होतंस," असं धाकटा पुढे म्हणाला, आणि दोघा भावांचं ऐक्य तिथे संपलं. बाबांनी दोघांना कोपराने ढोसलं. सुनेचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. ती त्या बुटांकडे बघत होती. तिच्या मनात आलं, या बाईने या घरात भाजी कुठली, पडद्याचा रंग कुठला, हेही कधी निवडलेलं नाही. लागू दे वेळ. लागेल तेवढा लागू दे.

आत्या बाहेर आली. कागदाची घडी तिने नॅपकिनासारखी काटेकोर घातली होती. ती पेटीपाशी उभी राहिली, घडी आत सोडली, आणि पेटीवर तळहात ठेवून जराशी थांबली.

"कुणाला दिलंस?" दोघे भाऊ एकदम म्हणाले.

आत्याने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू दोघांनी उघड्यावर कपडे काढले. उत्तर दिलं नाही. दाराकडेही गेली नाही. ती साहेबांच्या टेबलाशी आली.

"आभारी आहे," ती म्हणाली.

"बरं, बरं. पुढे चला बाई."

"तुमची नाही. या गल्लीची. आणि देशाचीही. मला इथे ऊब मिळाली, काम मिळालं, अक्षरं मिळाली, उशिरा का होईना नाव मिळालं. हे सगळं मी आता त्या पेटीत टाकलं. ते झालं माझं." तिने दोन्ही तळवे टेबलावर टेकले, काळं बोट साहेबांच्या अगदी समोर. "आता तुमचं. मघाशी तुम्ही मला म्हणालात, तुमच्यासारखे लोक."

"ते बोलण्याच्या ओघात..."

"ओघात काय ते मला समजतं. म्हणजे कुणासारखे?"

"पोरी, चल," बाबा घाबरून म्हणाले. "झालं ना मत देऊन. ऋणी माणसाने असं विचारू..."

"दादा, तू थांब."

आत्याने बाबांना असं म्हणताना कुणी ऐकलं नव्हतं. थोरल्याने नाही, धाकट्याने नाही, बाबांनी तर नाहीच. ते थांबले. सून पुढे होऊन आत्याच्या बाजूला उभी राहिली.

"बाई, मागे एवढी रांग आहे," साहेब म्हणाले. त्यांनी आशेने रांगेकडे पाहिलं.

"आम्हाला घाई नाही," बेकरीवाला म्हणाला.

"अजिबात नाही," मुख्याध्यापिका म्हणाल्या आणि काठी टेकून नीट उभ्या राहिल्या.

साहेबांनी टेबलावरचे कागद सारखे केले, पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. आत्या वाट बघत होती. वाट बघायची तिला सवय होती, साहेबांना नव्हती.

"तुमच्यासारखे लोक, म्हणालात," ती म्हणाली. "कुणासारखे, साहेब? मी विचारतेय. उत्तर द्या."